कृपया बसू नये

खुर्च्यांच्या संग्रहालयात बसायला जागा नव्हती.

खुर्च्या भरपूर होत्या. लांबलचक दालनं त्यांनी भरून गेली होती. न्हाव्याची मान टेकायची खुर्ची होती, दंतवैद्याची लोखंडी खुर्ची होती, जहाजाच्या कप्तानाची जमिनीला खिळवायची खुर्ची होती आणि एका न्यायाधीशाची इतकी उंच खुर्ची होती, की तीत बसल्यावर खालच्या माणसाचं म्हणणं ऐकू येत नसे. प्रत्येकीसमोर जाड दोर आणि दोराला पितळी पाटी : ‘कृपया बसू नये.’ ज्या नादिष्ट श्रीमंताने जन्मभर फिरून हा पसारा जमवला, त्याने मरताना बजावून ठेवलं होतं, की या इमारतीत कोणीही, कधीही, कशावरही बसायचं नाही. नोकरांनीसुद्धा नाही. एक बसला की दुसऱ्याचे गुडघे आपोआप वाकतात, असं त्याचं मत होतं. पुढच्या सगळ्या संचालकांनी हा नियम कसोशीने पाळला. त्यांना तो जड गेला नाही, कारण त्यांचं ऑफिस रस्त्यापलीकडे होतं आणि तिथे सोफा होता.

या संग्रहालयात लोकांना हिंडवून माहिती सांगायचं काम वाटाड्या करत असे. हे काही त्याचं खरं नाव नव्हतं, पण खरं नाव आता औषधांच्या चिठ्ठीपुरतंच उरलं होतं. साठीला टेकलेला, अंगाने शेलाटा, आणि आवाज असा, की सगळ्यात मागे उभा असलेल्यालाही वाटावं, हा गृहस्थ माझ्याशीच बोलतोय. उभ्याने बोलायची त्याला इतकी सवय झाली होती, की घरी जेवणाच्या टेबलाशीही पहिला घास तो उभ्यानेच घ्यायचा. मग बायको म्हणायची, "अहो, टेका आता. ही आपली खुर्ची आहे. हिला काही इतिहास नाही."

ज्या दिवशी हे सगळं सुरू झालं, त्या दिवशी कुठल्याशा विमा कंपनीतली मंडळी सहलीला आली होती. वाटाड्या त्यांना घेऊन न्हाव्याच्या खुर्चीकडून न्यायाधीशाच्या खुर्चीकडे निघाला होता. या दोघांच्या मध्ये बराच मोठा भिंतीचा तुकडा मोकळा होता. तिथे भिंतीला ओल यायची, म्हणून काही ठेवत नसत. बरोबर तिथे आल्यावर वाटाड्याची डावी पोटरी कोणीतरी मुठीत धरून पिळावी तशी आवळून आली. पुढचं पाऊल उचलेना. तो थांबला.

वाटाड्या थांबला म्हणून मंडळी थांबली. गाईड थांबला की लोक समोर बघतात आणि समोर काही नसलं की गाईडकडे बघतात. वाटाड्याच्या कपाळावर घाम आला होता. एका जाडजूड बाईंनी भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, "इथे काय होतं हो?"

‘ओल’ हे खरं उत्तर होतं. पण पाय सुटेपर्यंत वेळ काढायचा होता आणि ओलीवर माणूस बोलून बोलून किती बोलणार?

"इथे एक खुर्ची होती," वाटाड्या म्हणाला.

मंडळी जवळ सरकली.

"एका सुताराने केलेली. त्याने उभी हयात दुसऱ्यांसाठी खुर्च्या केल्या. उभ्यानेच करायचा. शेवटी शेवटी त्याने ठरवलं, आता एक आपल्यासाठी. लाकूड निवडलं, कापलं, तासलं, वर्षानुवर्षं घासत राहिला. आमचे मालक ती विकत घ्यायला गेले. तर सुतार म्हणाला, अजून मी स्वतःच टेकलेलो नाही, तुम्हाला कशी देऊ? मालक परत आले आणि ही जागा त्यांनी मोकळी ठेवली. सुतार एक दिवस काम करता करता गेला. उभ्याउभ्याच. खुर्चीचं पुढे काय झालं, कोणालाच माहीत नाही."

एवढं सांगून होईतो पोटरी सुटली. जाडजूड बाईंनी डोळे पुसले. विमा कंपनीच्या साहेबाने रिकाम्या भिंतीचा फोटो काढला आणि मग सगळ्यांनीच काढला. फेरी संपल्यावर न्यायाधीशाची खुर्ची कोणाच्या लक्षात नव्हती, सुताराची सगळ्यांच्या होती.

वाटाड्याचा पाय वाचवायची ती पहिली संधी होती. ती अशी टाळ्यांमध्ये गेली.

काही वर्षांपूर्वी त्याला हृदयाचा झटका येऊन गेला होता. बंद पडलेली नळी डॉक्टरांनी आत स्प्रिंग सरकवून उघडली होती. स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त केला की न्हाणीघरातलाही आपोआप धो धो वाहतो, अशी वाटाड्याची तेव्हापासून समजूत होती. रक्तात साखर होती, ती गोळ्यांनी ताब्यात आहे असं तो मानायचा आणि गोळ्या आठवतील तशा घ्यायचा. सिगरेट सोडली होती. म्हणजे घरी सोडली होती. संग्रहालयाच्या मागच्या दारात, जिथे मोडक्या खोक्यांचा ढीग होता, तिथे ती त्याने आजवर धरून ठेवली होती.

छातीच्या डॉक्टरांकडे तो वेळच्या वेळी जायचा. त्यात खोट काढायला जागा नव्हती.

"छातीत दुखतं?"

"नाही."

"धाप?"

"अजिबात नाही."

"चालणं ठेवलंय ना?"

"डॉक्टर, माझं पोटच चालण्यावर आहे!"

डॉक्टर हसायचे. वाटाड्याही हसायचा. धाप लागत नव्हती हे खरंच होतं. धाप लागेपर्यंत पाय त्याला चालूच देत नव्हता. साखरेचे डॉक्टर रिपोर्ट बघायचे, डोळ्यांचे डॉक्टर डोळे बघायचे. मोजे काढा असं कोणी म्हणालं नाही आणि न विचारलेल्या दालनात लोकांना न्यायचं नाही, ही वाटाड्याची कामातली शिस्त होती.

पहिली हाक दिली ती बायकोने. ती घरी शिवणकाम करायची. संग्रहालयाने नवा गणवेश द्यायचं ठरवलं आणि वाटाड्याच्या पँटचं कापड शिवायला घरी आलं. ती गुडघ्यांवर बसून टेप लावत होती. मध्येच थांबली. डावी पोटरी परत मापली. मग उजवी. मग टेप खाली ठेवला आणि दोन्ही पाय हातांनी चाचपून पाहिले.

"अहो, डावी पोटरी बारीक निघतेय."

"टेप जुना झालाय."

"टेप दोन्ही पायांना तोच लावलाय मी. आणि हा पाय एवढा गार कसा? मेल्या माशासारखा लागतोय."

"फरशी गार आहे."

"उजवा काय गालिच्यावर आहे?" ती आणखी वाकून बघू लागली. "या नडगीवरचे केस कुठे गेले?"

"मोज्याने घासले असतील."

"मोजा एकाच पायात घालता का?"

उत्तर नसलं की तो आवाज खालच्या पट्टीत न्यायचा, तसा त्याने नेला. "अगं, उतारवयात माणूस दोन्हीकडून सारखा थोडाच राहतो? दाखवतो डॉक्टरांना. ही सहलींची गर्दी ओसरू दे."

"गर्दी ओसरेल. पाय वाट बघेल का, तेवढं त्याला विचारून घ्या," ती म्हणाली आणि तोंडात टाचणी धरल्यामुळे पुढचं बोलणं तिथेच राहिलं.

गर्दी ओसरली नाही, उलट वाढली. लोक आता सुताराची खुर्ची बघायला म्हणून यायचे आणि मोकळी भिंत बघून तृप्त होऊन जायचे. इकडे पाय आणखी लवकर धरायला लागला, तसतशा वाटाड्याच्या रिकाम्या जागाही वाढल्या. खिडकीखाली कोणाची तरी वाट बघणारीची खुर्ची होती. जिन्याजवळ दोघा भावांच्या वाटणीत अर्धी अर्धी कापली गेलेली खुर्ची होती. आग विझवायच्या लाल नळकांड्यापाशी तो थांबला, तेव्हा तिथे एक जळालेली खुर्ची असणं भागच होतं. यातली एकही कधी अस्तित्वात नव्हती. पोटरीत कळ आली की गोष्ट सुरू व्हायची आणि कळ गेली की संपायची. म्हणून त्या गोष्टींचे शेवट असे अचानक यायचे आणि लोकांना तेच फार आवडायचं.

मागच्या दारात पहारेकरी त्याला गाठायचा. कोणी दोराला हात लावला की हा शिट्टी फुंकायचा, म्हणून त्याला सगळे शिट्टीच म्हणायचे.

"वाटाड्या, आज कप्तानापर्यंत पोचलाच नाहीस."

"न्यायाधीशाने सोडलं नाही."

"मला गोष्टी सांगू नकोस. त्या तिकीट काढलेल्यांना सांग. पाय ना?"

"वयाची कुरकुर, दुसरं काय."

"तुझ्या बरोबरीचाच आहे मी. माझे पाय नाही कुरकुरत."

"तू चालतोस कुठे? एका जागी उभा राहून फुंकतोस."

"ते तर तूही करतोयस," सिगरेटकडे बघत शिट्टी म्हणाला. "बघ बाबा. तू बंद पडलास तर मला तो सुतार कोण सांगणार? मी रोज लपून ऐकतो."

न चालणारा वाटाड्या म्हणजे नेमकं काय, याचा विचार वाटाड्याने एकदा करून पाहिला होता. तिकिटाच्या खिडकीतही उभंच राहायचं होतं. त्याने तो विचार अर्ध्यात सोडून दुसरी सिगरेट पेटवली होती.

अशातच संचालकबाईंनी त्याला रस्त्यापलीकडे बोलावलं. त्यांच्या सोफ्यावर बसायची वाटाड्याची ती पहिलीच वेळ. तो काठावर बसला आणि कोणी शिट्टी फुंकली तर उठायच्या तयारीत राहिला.

"तुम्ही कमाल केलीत!" बाई म्हणाल्या. "लोक हल्ली सगळं पळत पळत बघतात. तुम्ही त्यांना थांबायला शिकवलंत. आपण याला ‘सावकाश फेरी’ म्हणायचं. तुम्ही जिथे जिथे थांबता, तिथे तिथे जमिनीत पितळेची पावलं बसवायची. पुस्तिका छापायची. आणि तुम्हाला नवीन बूट. कडक, काळे, चकचकीत."

वाटाड्याला वाटलं, आता सांगावं. बाई, मी शिकवत नव्हतो हो, मला चालवत नव्हतं. पण बाईंचे डोळे एवढे चमकत होते की त्याच्यातल्या गाईडला समोरच्याचा रसभंग करणं जमलं नाही. "आभारी आहे," तो म्हणाला आणि उठला. उठताना पायाला मुंग्या आल्या.

कारागीर आले, फरशी खोदली, पितळेची पावलं बसली. हार घातलेल्या पाहुण्यांनी पहिल्या पावलांवर उभं राहून भाषण केलं. सगळं नामी झालं. घोटाळा एवढाच झाला, की पितळ बसवून होईपर्यंत पाय आणखी बिघडला होता. पावलं बसली होती पूर्वीच्या थांब्यांवर. आता तिथवर पोचायच्या आत कितीतरी आधी पोटरी आवळायची. पण मध्ये थांबलं की लोक पुस्तिकेत बघून म्हणायचे, "अहो, इथे नाही. थांबायची जागा पुढे आहे." काही उत्साही मंडळी त्याच्या आधीच पळत जाऊन पावलांवर पाय जुळवून उभी राहायची आणि त्याला बोलवायची. वाटाड्या दात आवळून, एका हाताने भिंत चाचपत, स्वतःच्याच थांब्याकडे ओढला जायचा. तिथे पोचल्यावर क्षणभर डोळे मिटायचा. लोकांना वाटायचं, सुताराच्या आठवणीने भरून आलं.

तो परत रस्ता ओलांडून गेला. रस्ता ओलांडताना मध्येच थांबावं लागलं आणि एक टॅक्सीवाला त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करून गेला.

"बाई, ती पावलं जरा जवळजवळ घेता येतील का?"

"अहो, पितळ आहे ते. पुन्हा फरशी फोडायची?"

"मग मध्ये एखादा जादा थांबा…"

"पुस्तिका छापून आलीय." बाईंनी चष्मा काढला. "का हो? काही अडचण आहे का?"

एवढ्या सरळ शब्दांत हा प्रश्न त्याला रस्त्यापलीकडच्या कोणी आजवर विचारला नव्हता. वाटाड्याने तोंड उघडलं. पण इतकी वर्षं या तोंडातून समोरच्याला हवं तेच बाहेर पडत आलं होतं. ते जायच्या वाटेने गेलं.

"मला नाही हो," तो म्हणाला. "लोक दमतात."

"लोकांची केवढी काळजी तुम्हाला!" बाई म्हणाल्या. "म्हणून तर तुम्ही वेगळे."

कडक काळे बूट डाव्या करंगळीला चावत होते. पण साखरेने त्या बोटांमधली जाणीव कधीच पुसून टाकली होती. पोटरी एवढी बोंबलत होती आणि बोट बिचारं चकार शब्द काढत नव्हतं. पलंगावर आडवं झालं की मात्र अख्खं पाऊल ठणकायचं आणि कडेला लोंबतं सोडलं की जरा निवायचं. म्हणून वाटाड्या एक पाय जमिनीकडे सोडून झोपायला लागला. बायकोने विचारलं तर म्हणाला, पंख्याचा वारा लागतो.

मोजे धुताना तिला डाग दिसला. डाग धुवून जाईना, म्हणून तिने मोजा नाकाशी नेला. मग बाहेर आली, वाटाड्याला टेबलाशी बसवलं आणि त्याचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. करंगळी काळी पडली होती. शिळ्या केळ्याच्या टोकासारखी.

"दुखत नाहीये गं," वाटाड्या म्हणाला. तिला धीर वाटावा म्हणून.

"तीच तर पंचाईत आहे," ती म्हणाली, आणि रडायच्या आधी तिने रिक्षा बोलावली.

रक्तवाहिन्यांचे डॉक्टर तरुण होते, मऊ बोलायचे. त्यांनी आधी दंडाला पट्टा बांधून दाब मोजला आणि मग तोच पट्टा घोट्याला बांधला. वाटाड्याला गंमत वाटली. घोट्याचाही दाब मोजतात, हे त्याला नवीन होतं. पेनासारखं एक यंत्र त्यांनी उजव्या पायावर टेकवलं. त्यातून लाटांसारखा सळसळ आवाज आला. मग डाव्या पायावर टेकवलं. काही नाही. इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं. खोलीत फक्त पंखा ऐकू येत होता.

"मशीन बिघडलं का?" बायकोने विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी स्टूल पुढे ओढलं. "काका, तुमच्या हृदयाची नळी बंद झाली होती ना? तोच आजार. मांडीतली नळी बंद झालीय, खालच्याही बारीक झाल्यात. चालायला लागलं की पायाला जास्त रक्त लागतं. ते पोचत नाही, म्हणून पोटरी ओरडते. थांबलात की गप्प बसते. हे किती दिवस चाललंय?"

"पितळ बसवायच्या बऱ्याच आधीपासून," वाटाड्या म्हणाला. डॉक्टरांना काही कळलं नाही.

"हृदयाचा झटका येऊन गेलेला, वर साखर, वर सिगरेट. अशा माणसाचे पाय न चुकता बघायला हवेत. कोणी बघितले नाहीत?"

"आमच्याकडे प्रत्येक दालनाला वेगळा माणूस असतो. तुमच्याकडेही तसंच असेल म्हणून मी बोललो नाही."

"सिगरेट तर यांनी कधीच सोडली," बायको म्हणाली. मग तिने नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं.

"लवकर आला असतात तर गोळ्या दिल्या असत्या, सिगरेट बंद केली असती आणि चालायला लावलं असतं," डॉक्टर म्हणाले. "दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की परत चालायचं. त्याने बऱ्याच जणांना उतार पडतो."

"पण ते तर मी करतच होतो!" वाटाड्या जवळजवळ आनंदाने म्हणाला. "आमच्याकडे त्याची पुस्तिकासुद्धा आहे."

डॉक्टरांनी खाली बघितलं. "उरलेलं राहिलं, काका."

मग सगळं त्याच्या हातातून गेलं. खरं तर हातात ते आधीही नव्हतं, पण निदान तोंड चालत होतं. दवाखान्यात सांगण्यासारखं त्याच्यापाशी काही नव्हतं. तिथे माहिती दुसरेच द्यायचे आणि तो गटात उभा असल्यासारखा ऐकायचा. डॉक्टरांनी जांघेतून तार घालून बघितली. तार मांडीपर्यंत गेली आणि तिथे अडली. दुसऱ्या बाजूने घातली, ती घोट्याच्या वर अडली. पायातलीच शीर काढून वळसा घालता येईल का, ते बघितलं, तर वळसा जोडायला खाली धड नळीच शिल्लक नव्हती. काळेपणा बोटापाशी थांबेल म्हणून बोट काढलं. तो थांबला नाही. पावलापाशी थांबेल म्हणून अर्धं पाऊल काढलं. तिथेही थोडा टेकला आणि निघाला. आजारानेही सावकाश फेरीच धरली होती.

"एवढ्यावर थांबेल ना?" बायको दर वेळी विचारायची.

"प्रयत्न तोच आहे," डॉक्टर दर वेळी म्हणायचे आणि दर वेळी त्यांचा आवाज आणखी मऊ व्हायचा. तो मऊ आवाज आला की वाटाड्याला धडकी भरायची. लोकांना नको ते सांगायचं असलं की आवाज कुठल्या पट्टीत न्यायचा, हे त्याला ठाऊक होतं.

शेवटी पाय गुडघ्याच्या वरून गेला.

घरी आल्यावर बायकोने गणवेशाची पँट काढली. कापड चांगलं होतं, टाकवत नव्हतं. डाव्या पायाचं कापड तिने आखूड कापलं, दुमडलं आणि खालून तुरपाई घातली. टाके इतके बारीक, की बघणाऱ्याला वाटावं, पँट अशीच येते.

पुढे संग्रहालयाचं बोलावणं आलं. वाटाड्याचा सत्कार करायचा होता. बायको म्हणाली, "नाही गेलं तर चालणार नाही का?" वाटाड्याने हातानेच चाकं दाराकडे वळवली.

दारात शिट्टी उभा होता. वाटाड्याला बघून त्याचा चेहरा फुलला आणि मग चाकाच्या खुर्चीकडे बघून पडला.

"बाहेरची खुर्ची आत नेता येत नाही रे," तो पुटपुटला. "अदलाबदल होईल म्हणून. नियम आहे."

"मग तेवढी बाहेर ठेवतो," वाटाड्या म्हणाला. "मी आत येतो."

दोघेही थोडे हसले. मग शिट्टीने हसता हसता डोळे पुसले आणि रस्त्यापलीकडे फोन लावला. बराच वेळ बोलणं चाललं. कोणीही, कधीही, कशावरही बसायचं नाही, याला आजवर अपवाद झाला नव्हता. शेवटी बाईंनी परवानगी दिली. मात्र जाण्यायेण्याच्या वाटेत अडथळा नको, कुठेतरी कडेला ठेवा, असं त्या म्हणाल्या.

वाटेच्या कडेला चाकाची खुर्ची मावेल एवढी मोकळी जागा सगळ्या इमारतीत एकच होती. न्हावी आणि न्यायाधीश यांच्या मध्ये. शिट्टीने त्याला तिथे पाठ भिंतीला करून लावलं आणि चाकांची कळ दाबली. ओलीचा ओळखीचा वास आला. बायको शेजारी उभी राहिली. तिचे पाय दवाखान्याच्या खेपांनी सुजले होते, पण टेकायला काही नव्हतं.

"बाई सत्काराला येतच असतील," शिट्टी म्हणाला. "तोवर एक फेरी येईल. नवी पोरगी आहे, गुणी आहे. तुझंच सगळं घोकलंय तिने."

फेरी आली. पुढे नवी गाईड, मागे कुठल्या तरी बँकेतली मंडळी. कोपऱ्यावरून येताना तिने एक हात भिंतीवरून फिरवला. पितळी पावलांवर आली, ओठ घट्ट मिटले, क्षणभर डोळे मिटले. तिने तेही पाठ केलं होतं. मग अगदी त्याच्याच पट्टीत म्हणाली, "इथे एक खुर्ची…"

आणि डोळे उघडून गप्प झाली.

"सापडली वाटतं!" मंडळीतलं कोणीतरी म्हणालं.

"हीच का ती सुताराची?"

"चाकं आहेत की हिला."

"पुढे लावली असतील. आणि आत बसवलाय तो सुतार. काय हुबेहूब केलाय! पाय बघ, मुद्दाम एकच दाखवलाय."

"अगं, त्याने पापणी हलवली."

"हल्ली करतात तसं. यंत्र असतं आत."

फोन वर झाले. बायकोने काही बोलायला तोंड उघडलं, पण कोणाला आणि काय, ते तिला कळेना. एका बाईंनी पुढे होऊन खुर्चीच्या हाताला बोट लावलं, आणि जन्मभराच्या सवयीने शिट्टीच्या तोंडून शिट्टी वाजली.

"हात लावू नये!"

बाई दचकून मागे झाल्या. शिट्टीने शिट्टी तोंडातून काढली आणि तिच्याकडे असं बघितलं, जणू ती दुसऱ्याच कोणाची असावी.

तेवढ्यात वाटाड्याची डावी पोटरी आवळून आली. कोणीतरी मुठीत धरून पिळावी तशी, पहिल्या दिवसासारखी. ती पोटरी आता कुठेच नव्हती, पण कळ तिच्या ठरलेल्या थांब्यावर येऊन उभी होती. त्याच्या कपाळावर घाम आला. बायकोने तो बघितला आणि पोटरी दाबायला चटकन हात खाली नेला. हात तुरपाईपाशी पोचला, तिथे थोडा घुटमळला आणि तसाच परत आला.

सगळे वाटाड्याकडे बघत होते. नवी गाईडही बघत होती. कळ जाईपर्यंत वेळ काढायचा होता.

"इथे एक खुर्ची होती," वाटाड्या म्हणाला, आणि मंडळी जवळ सरकली.